सगळ्यांत भलं माणूस

४ मार्च

हस्तलिखित परत आलं.

संपादिका फोनवर फार गोड बोलली. तेव्हाच ओळखलं. "रहस्य उत्तम आहे हो. पण मुलं आता अशी बोलत नाहीत." मग कशी बोलतात? "तुमच्या घरात नात आहे ना? तिचं ऐका थोडं." म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिण्यात जन्म गेला त्यांच्याकडेच आता शिकवणी लावायची.

नात आहे. दहा वर्षांची. तिला सगळे मुंगी म्हणतात. भिंतीच्या कडेने चालते, दिसेल ते उचलून नेते, कामापुरतं बोलते. माझ्याशी तेवढंही नाही. हे संपादिकेला सांगितलं नाही.

नवं हस्तलिखित लवकर हवंय. नाहीतर पुस्तकांची मालिका बंद, असं ती म्हणाली नाही. "बघू या" म्हणाली. तेच ते.

५ मार्च

सकाळपासून दार उघडायला उठते आहे. दारात कोणी नसतं.

पोपट. तळमजल्यावर पाळणाघर आहे, त्याच्या व्हरांड्यात पिंजरा टांगलाय, बरोबर माझ्या खिडकीखाली. पोपटाचं नाव साहेब. मुलांनी ठेवलं. साहेब उठले, साहेब जेवले, साहेब आज रजेवर आहेत — दिवसभर हेच. आणि साहेबांना आमच्या दारावरची घंटा येते. हुबेहूब. मी लिहिता लिहिता उठते, चपला शोधते, दार उघडते. जिना रिकामा.

आज त्याने पुढची पायरी गाठली. घंटा वाजवली, जरा थांबला आणि म्हणाला, "कोण आहे?"

माझ्या आवाजात. तोच वैताग, शेवटी तोच खरखरणारा सूर. खाली मुलं हसून लोळली. पाळणाघरवाली मावशीही हसली. मग तिला आठवलं. "श्शू. वर ताई लिहितात."

माझा आवाज असा आहे हे मला एका पोपटाने सांगितलं.

७ मार्च

एका वाचकाचं पत्र. शाळकरी अक्षर, ओळी वर चढत गेलेल्या. "तुमच्या पुस्तकात चोर कोण ते मला आता लगेच कळतं. जो सगळ्यांशी चांगला वागतो आणि खाऊ देतो तोच असतो. तुम्ही दुसरं काहीतरी करा."

दुसरं काही नाही, बाळा. हाच धंदा आहे. तिरसट म्हातारा, एकाक्ष भंगारवाला, खिडकीतून ओरडणारी बाई — हे सगळे चकवे. पोरांनी त्यांच्यामागे धावायचं. आणि शेवटच्या प्रकरणात कळायचं की गोळ्या वाटणाऱ्या ग्रंथपालकाकांनीच मुकुट पळवला होता. सगळ्यांत भलं माणूस, ज्याच्याकडे काही कारणच नाही, तेच. मुलांना यातून काय मिळतं, असं एका पालकसभेत कुणीतरी विचारलं होतं. दात येतात, म्हटलं.

पत्राला उत्तर लिहिलं. "हुशार आहेस. मोठेपणी तुला मित्र कमी असतील." वाटलं फाडावं. पाठवलं.

८ मार्च

घंटा. कोण आहे. घंटा. कोण आहे. एक वाक्य पुरं झालं नाही.

१० मार्च

रविवार. लेकीला सुट्टी. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत असते, म्हणून मुंगी शाळा सुटल्यावर पाळणाघरात. वर आजी असताना नात खाली पाळणाघरात — यावर इमारतीतले बोलणारे बोलतात. बोलोत. मीच सांगितलंय तसं. दुपार माझी लिहायची.

आज जेवताना म्हटलं, मुंगीला दुपारची माझ्याजवळ ठेव काही दिवस. मला तिचं बोलणं ऐकायचंय.

"तिलाच विचार," लेक म्हणाली.

मुंगी ताटातलं मीठ बोटाने गोळा करत होती. "मी असले की तुला लिहिता येत नाही. मग तू चिडतेस. मी खालीच बरी."

"चिडते म्हणजे?"

"हे असं."

लेक पाण्याचा पेला तोंडाला लावून हसली. मला दिसू नये म्हणून.

१२ मार्च

दुपारी खाली गेले. मुलं झोपली होती, सतरंजीवर ओळीने, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. मावशी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. पिंजऱ्याला कुलूप नाही. तारेची कडी आहे, लहान हात पोचू नये इतकी उंच. काढली. दार उघडं ठेवलं.

साहेबांनी आधी एका डोळ्याने पाहिलं, मग मान फिरवून दुसऱ्या. ओरडले नाहीत. कडेवर आले, बाहेर बघितलं, परत आत गेले. मूर्ख. मी पिंजऱ्याला टिचकी मारली.

वर येऊन लिहायला बसले. दोन पानं झाली. चांगली.

१३ मार्च

खाली रडारड. इतकी की खिडकी लावून घेतली, मग उघडली — फुकट मिळणारं बोलणं सोडायचं कशाला!

"मला वाटतं तो शाळेत गेला असेल." "पोपट शाळेत जात नाही." "आमच्या शाळेत एक कावळा येतो." "तो शिकायला नाही येत." हे मला टेबलाशी बसून सुचलं नसतं. उतरवून घेतलं.

मावशी सगळ्यांचे डोळे पुसत हिंडत होती. तिचेही पुसायला आले होते. म्हणाली, "जाऊ दे रे. बांधून ठेवलेल्या जिवाला उडावंसं वाटणारच. सुखात असेल."

मुंगी रडली नाही. ती रिकाम्या पिंजऱ्याखाली उभी होती. कडीकडे बघितलं. मग सगळ्या खिडक्यांकडे एकेक करून. माझं रक्त आहे.

१५ मार्च

शिष्टमंडळ आलं. पुढे वकिलाचा मुलगा, त्याला चष्म्या म्हणतात. हातात पेन्सिल, कानावर आणखी एक. मागे बाकीची. सगळ्यांच्या मागे मुंगी, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी.

"आजी, आम्ही तपास करणार आहोत," चष्म्या म्हणाला. "तुम्ही सांगा सुरुवात कशी करतात."

"कुणाला करता आलं असतं, इथून."

"पोपटाने स्वतः कडी काढली असेल तर?"

"मग तो परत लावून गेला असता. साहेब आहे ना तो."

कुणी हसलं नाही. विनोद मोठ्यांसाठी होता.

"कडी उंच आहे," मुंगी मागून म्हणाली. "मोठ्या माणसाने काढली."

मी टेबलावरचे कागद सरळ केले. "मोठी माणसं पुष्कळ आहेत इमारतीत," म्हटलं. "कोणाकोणाला त्रास व्हायचा पोपटाचा?"

चष्म्या बोटांवर मोजू लागला. तिसऱ्या मजल्यावरचे दमेकरी काका. जिना झाडणारा. "आणि..." माझ्याकडे बघून तो थांबला. पोरगं संस्कारी आहे.

तेव्हा मुंगी म्हणाली, "ज्यांना त्रास व्हायचा ते नसतात कधी. मावशीने केलं."

सगळी तिच्याकडे वळली. एका छोटीने तर तोंडावर हातच ठेवला. मावशी? जी दाणे भरवायची? जी त्याच्या पंखाला हळद लावून बसली होती?

"म्हणूनच," मुंगी म्हणाली.

माझ्या सगळ्या पुस्तकांची परीक्षा त्या एका शब्दात होती आणि पोरगी पहिली आली. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "पण कारण? कारण लागतं."

"कारण नंतर सापडतं," ती म्हणाली. "तुझ्या पुस्तकात नेहमी नंतर सापडतं."

१६ मार्च

तीन प्रकरणं नव्याने लिहिली. पोपटाच्या जागी कासव घातलं. पाळणाघराच्या जागी वाचनालय. बाकी जे खाली चाललंय तेच. इतकं सोपं कधीच नव्हतं.

१८ मार्च

मागच्या गल्लीत हिरवी पिसं सापडली. एक पायही. जिना झाडणाऱ्याने कागदात गुंडाळून टाकला, पण त्याआधी छोटीने बघितला.

तर तपास आता खुनाचा आहे. कथानकाला असा धक्का मध्यावर हवाच असतो. मी कासवाला मात्र जिवंत ठेवलंय. बालसाहित्य आहे शेवटी.

२० मार्च

आज जबाब झाला. खिडकीतून सगळं ऐकलं. ऐकलं तसं उतरवते, पुढे कामाला येईल.

मावशी भाजी निवडत होती. चष्म्या समोर बसला, मुंगी त्याच्या शेजारी.

"मावशी, त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"मागे. कपडे वाळत घालत होते."

"साक्षीदार?"

"तुझी चड्डी. विचार तिला, दोरीवरच आहे."

"कडीला हात कुणाचा पोचतो?" हा मुंगीचा प्रश्न.

"माझा पोचतो की."

"तुम्ही म्हणालात, बांधून ठेवलेल्या जिवाला उडावंसं वाटतं."

"म्हणाले."

"म्हणजे तुम्हाला तो बांधलेला आवडत नव्हता."

"कुणाला आवडेल गं?" मावशी क्षणभर थांबली असावी. मग तिला वाटलं असेल, पोरं खेळताहेत, खेळू या. तिला एवढंच येतं. म्हणाली, "बरं बाबा, सापडले मी. मीच काढली कडी. मांजराला बोलावलं, दोघींनी मिळून खाल्ला तुमचा साहेब. मीठ कमी पडलं जरा. लिहा. सही कुठे करू?"

आणि केली तिने सही! खाली एक फूल काढलं. मुलांच्या वह्यांवर शाबासकीचं काढते तसं.

ती एकटीच हसत होती. बराच वेळ.

२१ मार्च

छोटीने पाळणाघरात जेवायला नकार दिला. "मावशी प्राण्यांना खाते."

२२ मार्च

जिन्यात वकील भेटला. हातात तो कागद. त्याने घडी घालून पाकिटात ठेवलाय, न्यायालयात नेणार असल्यासारखा.

"मॅडम, हे बघितलंत? सही आहे."

"फूलही आहे," म्हटलं.

"थट्टा आहे, मलाही कळतं. पण लहान मुलांसमोर असली थट्टा? माझा मुलगा झोपेत दचकतो. मेलेल्या पक्ष्यावर विनोद करणारी बाई मानसिकदृष्ट्या..." त्याने वाक्य सोडलं. वकील वाक्य सोडतो तेव्हा ते दुसऱ्याने उचलावं अशी इच्छा असते.

"मुलांच्या बाबतीत काळजी घ्यावी माणसाने," मी उचललं.

तो खूश होऊन वर गेला. खालच्या खोलीत सायकली ठेवाव्यात असं तो दोन वर्षं म्हणतोय, ते मला माहीत आहे. ती खोली इमारतीची आहे. मावशी तिथे पाळणाघर चालवते आणि पडद्यामागच्या खाटेवर राहते. ठराव झाला तर दोन्ही जाईल. हे वकिलालाही माहीत आहे. एवढं सगळं माहीत असलेली माणसं जिन्यात किती साधं बोलतात.

२४ मार्च

मावशी वर आली. पहिल्यांदाच. दारातली घंटा वाजली तेव्हा मी उठले नाही. सवय. मग ती दार ठोठावू लागली.

आत बोलावलं. खुर्चीच्या कडेवर बसली. हात कोरडे असूनही पदराला पुसत होती.

"ताई, निम्मी मुलं काढली हो लोकांनी. छोटीची आई तर माझ्याशी बोलतसुद्धा नाही. कडेने जाते."

"मुलांचा खेळ आहे. विसरतील."

"मुलं विसरतील. मोठ्यांनी धरून ठेवलंय. पुढच्या रविवारी सभा लावलीय म्हणतात." ती जरा पुढे सरकली. "तुमचं ऐकतात सगळे. मुलंही, मोठेही. तुम्ही एक शब्द टाका. म्हणा, मावशी असं करणार नाही. एवढंच. मला दुसरं घर नाही, ताई. मागेपुढे कोणी नाही. ही पोरंच."

मी म्हटलं, "खरं सांगू का, मुलांच्या खेळात मोठ्यांनी पडू नये. उलट संशय वाढतो."

"असं होतं का?"

"नेहमी."

तिने मान डोलावली. पटलं तिला! मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मला पुढच्या प्रकरणासाठी तो राग हवा होता. तो नुसती मान डोलावणाऱ्या बाईवरून कसा लिहायचा?

जाताना तिची नजर फळीवर गेली, माझ्या पुस्तकांवर. "ही सगळी वाचलीत मी मुलांना. दुपारी झोपायच्या आधी एकेक प्रकरण. सुटलेली पानं शिवून ठेवते." मग हसली. "मला एकदाही चोर ओळखता आला नाही बघा. शेवटपर्यंत नाही. मुलांना पहिल्या पानाला कळतं. मुंगी तर म्हणते, मावशी, तुम्ही फार भोळ्या."

दार लावलं. खाली उतरताना तिच्या चपला एकेका पायरीवर थांबत होत्या. गुडघे दुखतात वाटतं.

२६ मार्च

वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी आज लेखिकेचं दार ठोठावलं. नव्या पुस्तकात लेखिका आहे. तिला मी जरा जास्त दयाळू केलंय. त्यामुळे मुलांना तिचा संशय येईल, मग नाही येणार. चांगला चकवा.

२८ मार्च

लेक कामावरून आली ती थेट माझ्या खोलीत. पिशवी खांद्यावर तशीच.

"आई, खाली काय चाललंय, तुला दिसत नाही?"

"मी लिहितेय."

"मावशी मुंगीला तापात मांडीवर घेऊन बसली होती. तू लिहीत होतीस. मागच्या वर्षी मुंगीचा हात मोडला तेव्हा तिनेच दवाखान्यात नेलं. तू लिहीत होतीस. रविवारी सभेत बोल तिच्यासाठी. या रविवारी माझी कामावर पाळी लागलीय, मला येता येणार नाही."

"बोलेन."

"काय बोलशील?"

"योग्य ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. नळीतलं रक्त उजेडात धरून बघतात तसं. मग म्हणाली, "तू लहान मुलांसाठी लिहितेस याचं मला लहानपणापासून नवल वाटतं."

चांगलं वाक्य. वापरणार नाही. अगदीच माझ्यावर आहे.

तिचा आवाज चढला तेव्हा मुंगी दाराआड होती. लेक गेल्यावर आत आली, टेबलाच्या टोकाशी उभी राहिली.

"तू सभेत बोलणार?"

"हो."

"मावशीच्या बाजूने?"

"तुला काय वाटतं, कुणाच्या बाजूने बोलावं?"

तिने खांदे उडवले. माझ्या पेनाचं टोपण उचललं, लावलं, काढलं, लावलं. "तू सांभाळून बोल," म्हणाली. मोठ्या बाईसारखी.

३१ मार्च

सभा. तळमजल्याच्या पॅसेजमध्ये, खुर्च्या घरोघरच्या, एकीला एक जुळत नाही. मावशीला कुणी खुर्ची दिली नाही. मागायचं तिला सुचलं नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. रिकामा पिंजरा तिच्या डोक्यामागे होता, तो काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

वकील म्हणाला, "सुरुवातीलाच स्पष्ट करतो, आरोप कुणाचाच नाही."

छोटीची आई म्हणाली, "पण मूल जेवत नाही त्याचं काय?"

"मी थट्टा केली हो," मावशी म्हणाली. "रोजच करते मुलांशी."

"तेच तर."

"पोपट माझाही होता. मी का..."

"तसं कुणी म्हणतच नाहीये, मावशी. सहीचा कागद आहे, तोसुद्धा आम्ही बाजूला ठेवतो." आणि त्याने तो पाकिटातून काढून सगळ्यांसमोर बाजूला ठेवला.

दमेकरी काका म्हणाले, चांगली बाई आहे, इतकी वर्षं बघतोय. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ती संपेपर्यंत विषय पुढे गेला होता.

वकील माझ्याकडे वळला. "मुलांचं मन मॅडमइतकं कुणाला कळतं? त्यांनी सांगावं. त्या म्हणतील तसं."

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. माणूस आपलं माणूस उभं राहिलं की हसतं तसं. जिन्याच्या कठड्यातून मुलं डोकावत होती. मधल्या गजांत मुंगीचं तोंड.

माझ्या मनात दोन वाक्यं तयार होती. पहिलं लांबलचक होतं आणि त्यानंतर प्रश्न आले असते. कडी मग कुणी काढली, हा पहिला. मी दुसरं बोलले.

"मुलं उगाच कुणाचं नाव घेत नाहीत."

एवढंच. खाली बसले. खुर्ची वकिलाच्या घरची होती, तिचा एक पाय आखूड.

हात वर झाले. मावशी हात मोजणाऱ्यांकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. हसू पुसायचं राहून गेलं होतं.

१ एप्रिल

लेक बोलत नाही. स्वयंपाकघरातून एकदाच म्हणाली, भांड्यांना उद्देशून — "उद्यापासून मुंगी दुपारची वरच. सांभाळणारी दुसरी कोणी उरली नाही."

३ एप्रिल

मावशी गेली. एक ट्रंक, एक गुंडाळी, शिवणाचं यंत्र. यंत्र जिना झाडणाऱ्याने उचललं. कुठे जाणार, त्याने विचारलं. "बघते. कुणी ठेवून घेतलं तर."

मी खिडकीत नव्हते. पडद्यामागे होते. तिने वर बघितलंच नाही. जाताना मुलांच्या सतरंज्या झटकून, घड्या घालून, ओळीने लावून गेली. सायकली ठेवायच्या आधी वकिलाच्या बायकोने त्या सगळ्या उचलून आपल्या घरी नेल्या.

४ एप्रिल

खाली शांत. घंटा नाही, रडणं नाही, कुणी कुणाला "श्शू, ताई लिहितात" म्हणत नाही. इतकी शांतता मला फार वर्षांत मिळालेली नाही. दिवसभर लिहिलं.

मुंगी माझ्या टेबलाखाली बसते. मी हाकलत नाही, कारण ती काही करत नाही. लिहिताना मी संवाद मोठ्याने बोलून बघते. ती ऐकते. आज म्हणाली, "हे चष्म्या बोलला होता." म्हटलं, "आता माझं आहे." "बरं," म्हणाली. समजूतदार आहे.

८ एप्रिल

पुस्तक पुरं. ग्रंथपालबाई पकडल्या जातात, रडतात, मुलांची माफी मागतात. कासव सापडतं.

११ एप्रिल

संपादिकेचा फोन. या वेळी गोड नाही, धाप लागलेली. एका बैठकीत वाचून काढलं म्हणे. "काय बोलतात हो तुमची मुलं! आणि ती छोटी गुप्तहेर, ती मूक, कडेकडेने चालणारी. कुठून आणलीत?"

"घरात नात आहे," म्हटलं.

"आणि ग्रंथपालबाईंचा मला शेवटपर्यंत संशय आला नाही. वाईट वाटलं उलट. इतकी भली बाई."

मालिका चालू राहणार. आणखी तीन पुस्तकं हवीत. फोन ठेवल्यावर आरशात बघितलं. बरी दिसत होते.

१२ एप्रिल

मुंगीला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. तिच्यामुळे झालं, तिचा तेवढा हक्क आहे. पेन्सिलीला टोक काढत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, छान आहे. मग म्हणाली, "पण कडी तू काढलीस. मी झोपले नव्हते."

मी विचारलं, मग मावशीचं नाव का घेतलंस.

"कुणाचं तरी घ्यावंच लागलं असतं. मी सगळ्यांचा विचार केला," ती म्हणाली. "प्रत्येकाचं कोणी ना कोणी होतं. तुझी मी होते. मावशीचं कोणीच नव्हतं."